चाळीस मिनिटांचा हंगाम

महाविद्यालयीन खेळांची चर्चा आपल्याकडे सामान्यतः दोन प्रसंगी होते. ऑलिंपिकच्या पदकतालिकेत भारताचे नाव फार खाली शोधावे लागते तेव्हा, आणि शासकीय नोकरभरतीत खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या पाच टक्के जागांसाठी सादर झालेली प्रमाणपत्रे बनावट निघतात तेव्हा. पहिल्या प्रसंगी पैशाच्या अभावाबद्दल हळहळ व्यक्त होते, दुसऱ्या प्रसंगी नीतीच्या अभावाबद्दल संताप. चार दिवसांनी हळहळ ओसरते आणि संतापही ओसरतो. या दोन्ही दुखण्यांच्या मुळाशी असलेला रचनेचा एक साधा दोष मात्र दुर्लक्षितच राहतो. तो दोष असा की, आपल्या महाविद्यालयीन खेळाडूला मुळात खेळायलाच फारसे मिळत नाही.

हे विधान सकृद्दर्शनी अतिशयोक्त वाटेल. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दरवर्षी होतात. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो आणि तेथील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात. १९२५ साली स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळाच्या परंपरेतून ही व्यवस्था उभी राहिली. मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून दिला जात आहे. राज्यपातळीवर ‘अश्वमेध’ क्रीडामहोत्सव भरतो. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे पहिली ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धा भरली आणि तीही आता या व्यवस्थेचा भाग झाली आहे. इमारत भक्कम आहे, मजलेही पुष्कळ आहेत. परंतु येथील प्रत्येक मजला वरच्या मजल्यावर कोणी जावे हे ठरविण्यापुरताच बांधलेला आहे. जे वर जाणार नाहीत त्यांच्यासाठी तेथे एकही खोली ठेवलेली नाही. आणि वर न जाणाऱ्यांचीच संख्या अर्थात फार मोठी असते.

साध्या गणिताचा कौल

बास्केटबॉलचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडील बहुतेक आंतरमहाविद्यालयीन सामने सर्वसाधारणपणे बाद पद्धतीने खेळविले जातात. साखळी पद्धत आली तरी ती शेवटच्या चार संघांपुरती येते. समजा, चौसष्ट महाविद्यालयांनी संघ उतरविले. बाद पद्धतीत विजेता ठरेपर्यंत एकूण सामने होतात त्रेसष्ट. पहिल्याच दिवशी बत्तीस संघ घरी जातात. दुसऱ्या फेरीअखेर अठ्ठेचाळीस संघांचे वर्ष संपलेले असते. प्रत्येक संघाच्या वाट्याला सरासरीने दोन सामनेही येत नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बास्केटबॉलचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार डावांचा, म्हणजे एकूण चाळीस मिनिटांचा असतो. तेव्हा निम्म्या महाविद्यालयांचा वार्षिक हंगाम चाळीस मिनिटांत आटोपतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता हेच चौसष्ट संघ शेजारशेजारच्या आठ-आठ महाविद्यालयांच्या आठ गटांत विभागून पाहावे. गटातील प्रत्येक संघाने दुसऱ्या प्रत्येक संघाशी एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या मैदानावर खेळावे. प्रत्येक गटात छप्पन सामने होतील आणि प्रत्येक संघाला चौदा सामने मिळतील. गटात सर्वांत शेवटी राहणाऱ्या संघालाही चौदाच मिळतील, हे विशेष. चाळीस मिनिटांच्या जागी पाचशे साठ मिनिटे! खेळाडू तेच, चेंडू तेच, मैदाने तीच. बदलते ती फक्त कार्यक्रमपत्रिका.

बाद पद्धतीचा दुसरा दोष याहून गंभीर आहे. पहिल्या फेरीत कोण हरतो? ज्याचा सराव कमी, ज्याच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा संचालक नाही, ज्याला सामन्याच्या ठिकाणी पोहोचण्यासाठीच अर्धा दिवस खर्ची घालावा लागतो, तो. जो आधीच सरस आहे तो जिंकतो, पुढचा सामना त्यालाच मिळतो आणि त्या सामन्यातून मिळणारा अनुभवही त्याच्याच पदरात पडतो. भांडवलाकडे भांडवल जाते हा अर्थशास्त्रातील जुना अनुभव येथे सरावाच्या बाबतीत येतो. विद्यापीठ करंडक देते एका संघाला, पण दरवर्षी अनेक संघांना दुर्बळ ठेवण्याची सोयही नकळत करून ठेवते.

मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र मुंबई शहर व उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांत पसरले आहे. त्याच्या उत्तर टोकाकडील वसईच्या किनाऱ्यावरचे भुईगाव घ्या. केळीच्या, भाजीच्या आणि फुलांच्या वाड्यांचे हे गाव. समुद्राकाठी सुरूची झाडे, घराघरांत सामवेदी ख्रिस्ती समाजाची कादोडी बोली. येथील विद्यार्थ्याला महाविद्यालयात पोहोचण्यासाठी आधी बस किंवा रिक्षा धरून वसई किंवा नालासोपाऱ्याच्या दिशेने यावे लागते. सामना मुंबईत असला तर वसई रोड ते चर्चगेट हा सुमारे ५२ किलोमीटरचा लोकलप्रवास पुढे उभा असतो, आणि तोही विरार लोकलच्या गर्दीत. जाण्यायेण्यात चार तास घालवून त्याच्या वाट्याला येतात चाळीस मिनिटे. राखीव खेळाडू असला तर तीही नाहीत. अशा विद्यार्थ्याचे वडील ‘याने काय साधले?’ असे विचारतात तेव्हा त्या प्रश्नात खेळाविषयी तुच्छता असतेच असे नाही. वाडीतले एक माणूस एक दिवस कमी झाल्याचा तो सरळ हिशेब असतो, आणि त्या हिशेबाला आजच्या पद्धतीत उत्तर नाही.

जिमखान्याचे शुल्क मात्र महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थी भरतो. हजारो विद्यार्थ्यांनी भरलेल्या शुल्कातून बारा जणांचा संघ निघतो आणि तो एका सामन्यात परततो. एखाद्या सहकारी संस्थेचे व्यवहार या प्रमाणात चालले असते तर सभासदांनी वार्षिक सभेत जाब विचारला असता.

शेजाऱ्यांची साखळी

ज्या देशात महाविद्यालयीन बास्केटबॉल कोट्यवधी लोक पाहतात त्या अमेरिकेत या खेळाचा पाया ‘कॉन्फरन्स’ नावाच्या संस्थेवर आहे. कॉन्फरन्स म्हणजे मुळात शेजारच्या विद्यापीठांनी आपसांत खेळण्यासाठी केलेले मंडळ. आज ‘बिग टेन’ म्हणून ओळखले जाणारे मंडळ १८९६ साली सात विद्यापीठांनी स्थापन केले. अशी तीसहून अधिक मंडळे वरच्या श्रेणीत आहेत. नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू होतो. नववर्षाच्या सुमारास मंडळांतर्गत सामन्यांना रंग चढतो आणि ते मार्चच्या प्रारंभापर्यंत चालतात. त्यानंतर अडुसष्ट संघांची राष्ट्रीय स्पर्धा बाद पद्धतीने होते. म्हणजे बाद पद्धत तेथेही आहे. परंतु ती हंगामाचा कळस म्हणून येते. आपण कळसालाच देऊळ मानून बसलो आहोत.

या मंडळांपैकी आपल्याला खरोखर विचार करायला लावणारे उदाहरण ‘आयव्ही लीग’चे आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया आदी आठ विद्यापीठांनी १९५४ साली करार करून खेळांचे नियम ठरविले. खेळाडू म्हणून कोणासही शिष्यवृत्ती द्यावयाची नाही, हा त्यांतील प्रमुख नियम. बास्केटबॉलमध्ये प्रत्येक विद्यापीठ उरलेल्या सातांशी दोनदा, म्हणजे चौदा सामने खेळते. विद्यार्थ्यांचे तास बुडू नयेत म्हणून हे सामने शुक्रवारी आणि शनिवारी घेण्याची पद्धत तेथे दीर्घकाळ चालत आली. त्यासाठी सहप्रवासी जोड्या ठरलेल्या असत. हार्वर्ड आणि डार्टमथ ही अशी एक जोडी, येल आणि ब्राऊन ही दुसरी. एका जोडीतील संघ सलग दोन संध्याकाळी दुसऱ्या जोडीतील दोन्ही संघांशी खेळून रविवारपर्यंत परत येत. राष्ट्रीय स्पर्धेस पाठविण्याचा संघही त्यांनी फार काळ याच साखळीच्या गुणतक्त्यावरून ठरविला. स्वतंत्र समारोप-स्पर्धा तेथे २०१७ पर्यंत नव्हती.

अमेरिका श्रीमंत आहे, तिला हे परवडते, असे कोणी म्हणेल. त्याने आशियातच फिलिपिन्सकडे पाहावे. तेथे महाविद्यालयांची पहिली क्रीडासंघटना १९२४ साली आणि विद्यापीठांची दुसरी संघटना १९३८ साली स्थापन झाली. दुसऱ्या संघटनेत मनिला महानगराच्या परिसरातील आठ विद्यापीठे आहेत. एक शासकीय, काही खासगी, काही जेझुइट किंवा डॉमिनिकन धर्मसंघांनी स्थापन केलेली. बास्केटबॉलची दुहेरी साखळी तेथेही आहे आणि सामनेही तेवढेच, चौदा. यजमानपद आळीपाळीने प्रत्येक विद्यापीठाकडे येते, त्यामुळे व्यवस्थेचा भार एकाच्याच शिरावर राहत नाही. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या मनिलाने ही परंपरा पुन्हा उभी केली. फिलिपिन्समध्ये बास्केटबॉल हा गल्लोगल्लीचा खेळ झाला त्यामागे शाळा-महाविद्यालयांतून वर्षानुवर्षे चाललेल्या या खेळाचा वाटा मोठा आहे.

मुंबईला तर साखळीची ओळख परक्या देशांकडून करून घ्यावी लागावी, असेही नाही. १९४८ साली सुरू झालेली डॉ. कांगा क्रिकेट लीग ऐन पावसाळ्यात, चिखलाच्या खेळपट्ट्यांवर, रविवारमागून रविवार खेळली गेली. ‘ए’ ते ‘जी’ अशा श्रेण्यांतून क्लबांचे संघ चढत आणि उतरत. कसोटीवीर आणि शाळकरी पोर एकाच सामन्यात समोरासमोर येत. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात मुंबईने रणजी करंडक सलग पंधरा वेळा जिंकला. त्याचे श्रेय एकट्या कांगा लीगला देणे योग्य होणार नाही. परंतु ज्या शहरात सामान्य क्लबाच्या सामान्य खेळाडूलाही हंगामभर सामने मिळत होते, त्याच शहरात असामान्य खेळाडू निपजले, हा निव्वळ योगायोग नव्हे. बास्केटबॉलमध्येही मुंबईचा अनुभव निराळा नाही. नागपाड्याच्या वस्तीतील मैदानांनी देशाला अनेक खेळाडू दिले. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळविणारे भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर हे त्याच वस्तीतून आले. तेथे रोज संध्याकाळी खेळ होत असे. खेळाडू घडला तो त्या संध्याकाळींवर. वर्षातून एकदा होणाऱ्या निवडीवर नव्हे.

पैशाचा धडा

मात्र अमेरिकेचे अनुकरण सरसकट करावे असा याचा अर्थ नाही. किंबहुना कॉन्फरन्स या संस्थेची गेल्या काही वर्षांत तेथे जी गत झाली ती इशाऱ्यासारखी समोर ठेवली पाहिजे. तेथील राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे चौदा वर्षांचे हक्क २०१० मध्ये १,०८० कोटी डॉलरना विकले गेले. इतका पैसा वाहू लागल्यावर ज्यांच्या घामावर तो उभा आहे त्यांना त्यातला वाटा का नाही, हा प्रश्न न्यायालयात जाणे अटळ होते. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावलौकिकावर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला; त्याची पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. न्यायाच्या दृष्टीने यात गैर काही नाही. परंतु पैशाच्या या ओघात शेजार वाहून गेला. पॅसिफिक किनाऱ्यावरील विद्यापीठांचे १९१५ पासूनचे मंडळ २०२४ मध्ये मोडले; बारापैकी दहा सदस्य प्रक्षेपणाच्या अधिक रकमेसाठी इतर मंडळांत गेले. आज लॉस एंजेलिसचा संघ सुमारे चार हजार किलोमीटरवरील न्यू जर्सीच्या विद्यापीठाशी ‘मंडळांतर्गत’ सामना खेळतो, आणि ‘बिग टेन’मध्ये अठरा विद्यापीठे आहेत. आयव्ही लीगने मात्र २०२५ च्या त्या तडजोडीत सहभागी न होण्याचा निर्णय घेतला.

याहून जुना धडा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा आहे. शुल्क न घेता शिकविणारे, स्थलांतरितांच्या गरीब मुलांचे हे महाविद्यालय. १९५० साली त्याच्या संघाने एकाच वर्षी दोन्ही मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. दुसऱ्याच वर्षी त्यांतील काही खेळाडूंनी सट्टेवाल्यांकडून पैसे घेऊन सामन्यांतील गुणांचे अंतर मुद्दाम कमी राखल्याचे उघड झाले. इतर काही विद्यापीठांतील खेळाडूही त्या प्रकरणात सापडले. ज्या मुलांजवळ सर्वांत कमी होते, त्यांच्यावरच सर्वांत मोठा मोह येऊन आदळला.

तात्पर्य, कॉन्फरन्सपासून दोन गोष्टी घ्याव्यात: शेजार आणि वेळापत्रक. तिसरी गोष्ट, म्हणजे बाजार, तिकडेच राहू द्यावी. आपल्याकडे सध्या नेमके उलटे होत आहे. मोठ्या स्पर्धांना प्रायोजक, फलक आणि उद्घाटन समारंभ मिळतात. शेजारच्या दोन महाविद्यालयांतील शनिवारचा साधा सामना मात्र कोठेच होत नाही.

वसईत हे कसे होईल

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, आणि वसई-विरार महानगरपालिका त्याआधी २००९ मध्ये. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. वसईत अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय आणि संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय, विरारला विवा महाविद्यालय, पालघरला सोनोपंत दांडेकर महाविद्यालय अशी जुनी-नवी महाविद्यालये आहेत. अभियांत्रिकीची आणि अन्य महाविद्यालयेही आहेत. विरार ते डहाणू रोड हा सुमारे ६४ किलोमीटरचा पट्टा २०१३ पासून उपनगरी लोकलने जोडला गेला आहे. एका रेल्वेमार्गावर ओवल्यासारखी आठ महाविद्यालये निवडणे येथे मुळीच अवघड नाही. कॉन्फरन्सला जो शेजार लागतो तो येथे भूगोलाने आणि रेल्वेने आधीच तयार करून ठेवला आहे.

खेळ म्हणून बास्केटबॉलच का, याचेही उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठात आहे. ज्या शहरात जमिनीला सोन्याचा भाव आला आहे तेथे खेळ निवडताना जागेचा विचार आधी करावा लागतो. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. क्षेत्रफळ ४२० चौरस मीटर. फुटबॉलच्या एका पूर्ण मैदानात अशी सतरा मैदाने मावतील. क्रिकेटची तर गोष्टच नको. शिवाय या खेळाचा जन्मच वर्गासाठी झालेला आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता यावा म्हणून तो रचला. त्याच्या वर्गात अठरा विद्यार्थी होते. म्हणून पहिला सामना नऊ विरुद्ध नऊ असा झाला. वर्गातील एकही विद्यार्थी बाकावर बसून राहू नये, ही या खेळामागची मूळ दृष्टी होती. आपल्या व्यवस्थेने तिचाच पराभव केला आहे.

वेळापत्रक असे आखता येईल. पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत, दिवाळी आणि परीक्षांचे आठवडे वगळून, चौदा शनिवार निश्चित करावेत. प्रत्येक शनिवारी चार मैदानांवर चार सामने. प्रत्येक महाविद्यालय सात वेळा यजमान आणि सात वेळा पाहुणे. मुलींचा सामना आधी, मुलांचा नंतर. त्याच मैदानावर, त्याच पंचांच्या देखरेखीखाली. मुलींचा सामना दुपारी आटोपला तर भुईगाव, गिरीज किंवा गासच्या मुलीला दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचता येईल. आजच्या पद्धतीत मुलींना खेळाबाहेर ठेवणारी मोठी अडचण अनिश्चिततेची आहे. सामना कोठे, केव्हा आणि किती वाजता सुटणार हे ठाऊक नसले की घरातून नकार येतो. जूनमध्येच चौदा तारखा छापून हातात दिल्या तर त्या नकाराचे अर्धे कारण नाहीसे होईल. अमेरिकेने १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई केली, तेव्हापासून तेथे महाविद्यालयीन मुलींच्या खेळाला बळ आले. आपल्याला यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. कार्यक्रमपत्रिकेत मुलींच्या सामन्याला पहिली जागा दिली तरी पुरे.

खर्चाचे काय? कोर्ट बांधण्याचा खर्च हा स्थिर खर्च. जेथे ते आधीच बांधलेले आहे, तेथे आणखी एक सामना खेळविण्याचा वाढीव खर्च म्हणजे पंचांचे मानधन, तेराचौदा जणांचे लोकलभाडे आणि चहा-वडापाव. यांतील अनेकांच्या खिशात रेल्वेचा पास असतोच. वर्षभर ओस राहणाऱ्या मैदानावर जेवढे अधिक सामने होतील तेवढा प्रत्येक सामन्यामागचा खर्च उतरेल. जे महाविद्यालय आपले कोर्ट फक्त स्नेहसंमेलनाच्या मांडवासाठी वापरते, ते खरे पाहता सर्वांत महाग खेळ खेळत असते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप अभ्यासाचा. सत्र पद्धतीमुळे परीक्षा वर्षातून दोनदा येतात, हजेरीचे नियम कडक आहेत; चौदा सामने कोठे बसवायचे? परंतु तास बुडतात ते आज बुडतात. कामकाजाच्या दिवशी दूरच्या ठिकाणी भरणाऱ्या स्पर्धेसाठी विद्यार्थ्याला संपूर्ण दिवस द्यावा लागतो. शेजारच्या महाविद्यालयात शनिवारी होणारा सामना दोन तासांत संपतो. आयव्ही लीगमधील विद्यापीठांना अभ्यासाचे महत्त्व कळत नाही, असे तर कोणी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. अनेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचे पद रिक्त आहे किंवा तासिका तत्त्वावर भरलेले आहे. त्या पदांची भरती झालीच पाहिजे. तिला पर्याय नाही. परंतु साखळी पद्धतीत ठरलेले यजमानपद आणि ठरलेल्या तारखा यांमुळे एका वर्षी एका महाविद्यालयाने सर्वांची व्यवस्था पाहावी, हे शक्य होते. मनिलाचे उदाहरण या बाबतीत उपयोगी आहे. गुणफलक, वेळनोंद, निकालांची नोंदवही ही कामे न खेळणारे विद्यार्थीही करू शकतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हिशेब आणि संख्याशास्त्र शिकण्यासाठी गुणतक्त्यासारखे जिवंत साधन दुसरे नाही.

तिसरा आक्षेप असा की, दुबळ्या संघाला चौदा वेळा हरविण्यात काय हशील? हा आक्षेप घेणाऱ्याने खेळाचा आणि शिक्षणाचा हेतूच निराळा मानलेला असतो. पहिल्या चाचणीत नापास झालेल्या विद्यार्थ्याला आपण वर्गाबाहेर काढत नाही. ऑक्टोबरमध्ये तीस गुणांनी हरलेला संघ जानेवारीत त्याच प्रतिस्पर्ध्याशी दहा गुणांनी हरला, तर त्या वीस गुणांत जे शिक्षण झाले ते कोणत्याही करंडकावर कोरता येत नाही. पण ते शिक्षणच असते. बाद पद्धतीत परतीचा सामना नाही, म्हणून चूक सुधारण्याची संधीही नाही.

चौथा आक्षेप गुणवत्तेचा. प्रतिभावान खेळाडू तर अकादमीत घडतात. महाविद्यालयांनी ही खटपट का करावी? पंजाबातील बल्लोके या छोट्या गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमधील डॅलसच्या संघाने निवडला. या मार्गाने निवडला गेलेला तो पहिला भारतीय. तो लुधियानाच्या अकादमीतून अमेरिकेत गेला. आपल्या विद्यापीठीय स्पर्धांचा त्याच्या जडणघडणीत भाग नव्हता, हे खरे. परंतु असा खेळाडू लाखांत एक, आणि त्याच्यासाठी अकादमी आहेतच. महाविद्यालयाने उरलेल्यांचा विचार करायचा असतो. जो पुढे बँकेत कारकून होईल, शाळेत शिकवील किंवा वडिलांची वाडी सांभाळील, त्याला वयाच्या विसाव्या वर्षी एका संघाचा भाग होऊन एक पूर्ण हंगाम खेळायला मिळाला की नाही, हा महाविद्यालयापुढचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला वसईत आणखी एक पदर आहे. किनाऱ्यालगतची जुनी गावे आणि रेल्वेच्या पूर्वेस उभी राहिलेली नवी वस्ती या एका महानगरपालिकेत असूनही परस्परांना फारशा ओळखत नाहीत. सकाळच्या सत्रात तास संपवून लोकल गाठणाऱ्या विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयांत ओळखी व्हाव्यात अशा जागाही थोड्या उरल्या आहेत. भुईगावच्या वाडीतला मुलगा, नालासोपाऱ्याच्या चाळीतला मुलगा आणि डहाणूच्या वारली पाड्यातून आलेला मुलगा वर्षातून दोनदा, ठरलेल्या तारखेला, एकाच कोर्टावर उतरले तर जे साधेल ते एकात्मतेवरील व्याख्यानमालेने साधणार नाही. दुसऱ्या वेळी भेटताना ते परस्परांना नावाने ओळखत असतील, एवढे जरी झाले तरी पुष्कळ.

प्रमाणपत्रांच्या बाजारावरही याचा परिणाम होईल. आज एका दिवसाच्या स्पर्धेतील सहभागाचा कागद हीच खेळाडूची ओळख असल्याने तो कागद बनविणे सोपे आणि पडताळणे कठीण झाले आहे. चौदा सामन्यांची नोंदवही, आठ महाविद्यालयांचे साक्षी गुणतक्ते आणि प्रत्येक शनिवारचे प्रेक्षक असल्यावर खोटा हंगाम उभा करणे सहज जमणार नाही.

हे सारे करण्यासाठी नवे महामंडळ नको की मोठे अनुदान नको. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांच्या रचनेत क्रीडा व शारीरिक शिक्षणाच्या मंडळास स्थान दिले आहे. त्या मंडळाने विद्यापीठाच्या उत्तरेकडील आठ महाविद्यालयांना दोन वर्षांसाठी प्रायोगिक साखळी चालविण्याची मुभा द्यावी, आणि तिच्या विजेत्याला विद्यापीठाच्या अंतिम टप्प्यात थेट प्रवेश द्यावा. या दुसऱ्या अटीशिवाय साखळी केवळ मैत्रीपूर्ण सामन्यांची मालिका ठरेल आणि दोन वर्षांत मरेल. प्राचार्यांनी चौदा शनिवार मोकळे ठेवावेत. पालिकेने आपली मैदाने ठरलेल्या दिवशी उपलब्ध करून द्यावीत. प्रयोग फसला तर नुकसान थोड्या लोकलभाड्याचे होईल. तो यशस्वी झाला तर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील महाविद्यालयांनाही तोच मार्ग खुला होईल. मुंबईपासून त्यांतील अनेकांचे अंतर तर वसईहून कितीतरी अधिक आहे.

विद्यार्थी महाविद्यालयात पदवीसाठी तीन किंवा चार वर्षे घालवितो. त्या काळात त्याला खेळाची किती मिनिटे मिळाली याचा हिशेब कोणत्याही अहवालात मांडला जात नाही. जिंकलेल्या करंडकांची यादी मात्र प्रत्येक वार्षिक अंकात छापली जाते. येत्या शैक्षणिक वर्षापासून प्रत्येक महाविद्यालयाने त्या यादीखाली एक ओळ वाढवावी: आपल्या किती विद्यार्थ्यांनी, किती सामने खेळले. ती एक ओळ प्रामाणिकपणे छापली गेली तर साखळीच्या मागणीसाठी वेगळा युक्तिवाद करण्याची गरज फारशी उरणार नाही.